सरकार गेलं, कर्ज राहिलं

लोक तगादा चुकवायला मागच्या दारानं पळतात. माझ्या सासऱ्यांनी मात्र सरकारला स्वतःहून पत्र लिहिलं, की आमच्याकडे तुमचं देणं आहे, कृपया तगादा लावावा. आणि त्यांच्या या उलट्या कारभारापायी, गल्लीत नळ आलेला असताना, मी पहिलटकरीण बाई चार महिने विहिरीवरून पाणी आणत होते. आता सांगताना हसू येतं. तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. कापसाचा बाजार, दोन जिनिंग, एक हायस्कूल, आणि दिवसातून तीनदा आर्वीहून येणारी मोटार. माझं माहेर वडनेर. वडील प्राथमिक शिक्षक, म्हणून मी सातवी फायनल पास होते आणि त्याचा मला थोडा तोराही होता. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी हायस्कूलातून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. गणित शिकवायचे. शाळेत अगदी छापील बोलायचे आणि घरात पाऊल टाकलं की वऱ्हाडी. रिटायर झाल्यावर म्युनिसिपालिटीत मेंबर म्हणून निवडून आले. गावात तिला सगळे कमेटी म्हणत. घरात आम्ही तिघंच, कारण सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आमचे हे जिनिंगमध्ये कारकून. कापसाचा सीझन लागला की सकाळी सातला जायचे ते दिवेलागणीला यायचे. म्हणजे घरात पाणी भरणारं माणूस एकच. कोण ते सांगायला नको.

विहीर गल्लीच्या टोकाला. पाणी जरा मचूळ, पण होतं. उन्हाळ्यात इतकं खाली जायचं की दोर दोन जोडावे लागायचे. पितळी गुंड डोक्यावर, छोटी घागर कमरेवर, अशी सकाळी आठ खेपा आणि संध्याकाळी चार.

माझ्या लग्नाच्या आधीच कमेटीत नळाची गोष्ट निघाली होती. गावाजवळ एवढा पैसा कुठला? नागपूरच्या सरकारकडून कर्ज घ्यायचं, नदीवर पंप बसवायचा, टाकी बांधायची आणि तीस वर्षं हप्ते भरायचे असं ठरत होतं. मी सून होऊन आले तोवर त्यावरून गावात दोन तट पडले होते. बाजारातले एक वयस्कर कापूस व्यापारी, तेही मेंबरच, सभेत उठून म्हणाले, ‘आपल्याजवळ पैसा नाई तर नळ नाई. आपण पाणी प्यायचं आन् हप्ते नातवानं भरायचे? अजून जो जन्मालेच आला नाई त्याचा अंगठा आपण घेऊन राह्यलो. हे काई बराबर नाई.’

हे ऐकून अर्धी सभा त्यांच्या बाजूनं झाली. मामाजींनी घरी येऊन यांना सगळं सांगितलं, मी चुलीपाशी ऐकत होते. मामाजींनाही ते म्हणणं लागलं होतं. दोन दिवस ते पाटीवर आकडे मांडत बसले. रिटायर झाले तरी हिशेब पाटीवरच करायचे, कागद फुकट जातो म्हणून. तिसऱ्या दिवशी सभेत उठले आणि म्हणाले, लोखंडी पाइप पन्नास वर्षं टिकतो. आपण दहा-पंधरा वर्षं पिऊ, तेवढे हप्ते आपण भरू. पुढं नातू पिईल, तो त्याचे भरेल. जो पिईल तो भरेल. यात कोणाचा अंगठा चोरला नाही. फक्त एक अट आहे, आपण आपली वर्षं चुकवायची नाहीत. आपली चुकली तर व्याज धरून सगळं त्याच्या डोक्यावर जाईल, आणि मग शेटजी म्हणतात ते खरं होईल.

मामाजींच्या बोलण्यावर ठराव पास झाला. टाकीचं काम सुरू झालं, रस्ते खणले गेले, आणि आम्ही बायका विहिरीवर टाकीच्याच गप्पा मारायला लागलो. मला दिवस गेले ते त्याच सुमारास. पाळण्याआधी नळ येणार, एवढं मी मनाशी पक्कं धरलं होतं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. नागपूरची राजधानी गेली. गावात कोणाला आनंद झाला, कोणाला वाईट वाटलं, पण पानठेल्यावर जी अक्कल निघाली ती काही निराळीच. ज्या सरकारनं कर्ज दिलं ते सरकारच आता नाही! मग कर्ज कोणाचं? कोणाचंच नाही. ‘सरकार गेलं, कर्ज गेलं,’ असं जो तो एकमेकांना सांगायला लागला. कोणी तर पेढेही वाटले म्हणे. म्हातारा सावकार निपुत्रिक गेल्यावर कूळ जसं खूश होतं, तसं सगळं गाव खूश.

सामान्य माणसं म्हणाली तर एक वेळ ठीक. पण कमेटीनेही तेच धरलं! डिसेंबरात नळ सुरू झाले आणि सभेत ठरलं, की हप्ता पाठवायचा तरी कोणाला? नागपूर म्हणेल आम्ही नाही, भोपाळ म्हणेल तुम्ही आमचे नाही, मुंबईनं तर अजून विचारलंच नाही. तेव्हा मागतील तेव्हा बघू. आणि हप्ता नाही तर पाणीपट्टी तरी काऊन वसूल करायची? नळ घ्या, फुकट घ्या. महिन्याभरात आमच्या गल्लीत एक घर सोडून सगळ्यांच्या परसात नळ आले.

ते एक घर आमचं.

‘ज्या पान्याचे पैसे द्याचे नाई असं ठरवून ते घ्याचं, त्याले चोरी म्हनते,’ मामाजी यांना म्हणाले. ‘हप्ता सुरू होईल त्या दिवशी आपल्या घरी नळ येईन. त्याच्या आदी नाई.’

यांनी मान खाली घातली. वडिलांपुढं यांची मान कायम खालीच. मी आतून ऐकत होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. हप्ता सुरू होईल त्या दिवशी! पण हप्ता घेणाराच सापडत नव्हता ना! मामाजींनी कमेटीत भांडून पाहिलं. नागपूरला लिहा म्हणाले, मुंबईला लिहा म्हणाले. सगळे त्यांना हसले. कमेटीचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, एकटेच जरा चिंतेत होते, पण सांगितल्याशिवाय ते टाचणीही हलवायचे नाहीत.

मी विहिरीवर एकटी पडले. आधी आठ-दहा बायका असायच्या, गप्पांत खेप कळायची नाही. आता रहाटाचा आवाज आणि मी. शेजारच्या काकू हाक मारायच्या, ‘अवं, माह्या नळाचं घेऊन जायना! कोन पाह्यते?’ मामाजींनी ते पाणीही घरात नको म्हणून बजावलं होतं. तरी एकदा, खरं सांगते, मामाजी कमेटीत गेलेले असताना मी काकूंच्या नळाचे दोन गुंड भरून आणले. संध्याकाळी मामाजी तांब्याभर प्यायले आणि म्हणाले, ‘आज इहिरीचं पानी बरं लागून राह्यलं.’ मी पदराआड हसले. ही चोरी मी त्यांना शेवटपर्यंत सांगितली नाही.

रागवावं कोणावर, तेही कळत नव्हतं. मामाजी वाईट असते तर सोपं होतं. पण ते स्वतः घोटभर पाणी जपून वापरायचे, दाढीला अर्धी वाटी घ्यायचे. दिवसभर ओसरीत बसून तोच एक विचार. यांना म्हणायचे, ‘येनारं लेकरू तीस वर्साचं होईन तवा त्याच्या मानगुटीवर व्याज धरून केवढं झालं राहीन, मालूम आहे? मीच सभेत सांगतलं होतं, अंगठा चोरला नाई म्हून. आता मीच चोर ठरलो.’ त्यांचं जेवण कमी झालं होतं. माणूस खरंच खंगत चालला होता. मग राग करायचा कसा? तरी मी करायचीच.

जानेवारीत एकदा विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून माझा पाय सटकला. मी सावरले, बसकण मारून वाचले, पण गुंड गडगडत गेला आणि त्याला मोठा पोचा पडला. तशीच घरी आले. सासऱ्यांशी वाद घालायची रीत नव्हती. म्हणून मी गुंड आपटला आणि त्यालाच बोलले, ओसरीत ऐकू जाईल अशा बेतानं. ‘काय रे बाबा, देणं द्यायचं आहे आणि धन्याचा पत्ता नाही म्हणून घरात नळ नाही! मग पत्ता शोधायला कोणी हात बांधले आहेत? कमेटी लिहीत नाही तर घरात कोणाला लिहिता येत नाही का? एवढी शाळा चालवली, एक पत्र लिहिता येत नाही?’

माझं मलाच वाटलं, आता काय होतंय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी स्वच्छ धोतर नेसून, चष्मा पुसून बसले आणि त्यांनी खरोखरच मुंबई सरकारच्या मुख्य सचिवांना पत्र लिहिलं. आमच्या गावानं अमुक कामासाठी कर्ज घेतलेलं असून, ते देणारं सरकार राहिलेलं नाही. हे देणं आपल्याकडे आलं असल्यास कृपया तसा तगादा करावा. आम्ही देणेकरी हजर आहोत. खाली सही, आणि ‘निवृत्त मुख्याध्यापक’.

आता यात मामाजींनी एक घोटाळा केला, जो फक्त तेच करू शकत होते. पाटीवर हिशेब करणारा माणूस! पाकिटाचे पैसे वाचवायला त्यांनी पत्र लिहिलं पोस्टकार्डावर. उघडं. पोस्टात ते आधी पोस्टमास्तरांनी वाचलं, मग शिक्का मारणाऱ्यानं, मग थैली नेणाऱ्यानं. कार्ड आर्वीला पोचायच्या आत गावभर झालं, की हेडमास्तरांनी मुंबईला चुगली केली.

काय सांगू, दोन दिवस आमच्या ओसरीत जत्रा भरली. एकानं विचारलं, ‘गुरुजी, आपल्याच पायावर धोंडा काऊन पाडून घेतला?’ दुसरा म्हणाला, ‘तुमाले पेन्शन आहे, आमाले का आहे?’ न्हाव्यानं दाढी करायला यायचं बंद केलं. विशेष म्हणजे नळाला विरोध करणारे ते कापूस व्यापारीसुद्धा आले आणि म्हणाले, ‘मास्तर, कर्ज बुडून राह्यलं तर बुडू द्या ना आता. नातवाचंच भलं आहे.’

मामाजी इतकी माणसं ओरडत असताना शांत होते, पण याच्यावर मात्र चिडले. ‘बुडत नाई शेटजी! सरकार मेलं नाई, त्यानं घर बदललं. आज ना उद्या पेटी उघडन, कागद निघन. तवा तुमी-मी नसू. दारात उभा राहीन तो नातूच. आन् तो ईचारन, पानी कोन पेलं?’

शेटजी चहा पिऊन उठून गेले.

उत्तराची वाट बघण्यात फेब्रुवारी गेला. पोस्टमन गल्लीत शिरला की ओसरीत मामाजी उठून उभे राहायचे आणि आत मी. दोघांची कारणं वेगळी, पण थांबायचो मात्र एकाच पत्रासाठी. मार्च लागला, विहीर खाली गेली, दोर दुसरा जोडला. सातवा महिना चालू होता. वडनेरहून भाऊ मला न्यायला येणार होता, तिकडचं सगळं ठीक होतं. पण परत येईन ती तान्हं घेऊन, आणि लंगोट धुवायचे ते याच विहिरीच्या पाण्यानं, ऐन उन्हाळ्यात? हा विचार आला की जेवण जायचं नाही. देवाला सांगायचे, बाबा, मुलगा दे की मुलगी दे, पण आधी नळ दे.

पत्र आलं. खाकी लांब पाकीट, इंग्रजीत टाइप केलेलं. मामाजींनी ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग हाक मारली, ‘सूनबाई!’ मी पदर सावरत दारात आले. त्यांनी मला मराठीत समजावून सांगितलं. जिल्ह्याबरोबर कर्जही मुंबईकडे आलेलं आहे. अटी पूर्वीच्याच. राहिलेला हप्ता महिनाअखेरपर्यंत भरावा, राज्याच्या बदलामुळे झालेल्या उशिराबद्दल दंड आकारला जाणार नाही. तसंच पत्र कमेटीलाही पाठवलं आहे.

‘म्हणजे मागितले?’ मी विचारलं.

‘मांगले!’ मामाजी म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले. माझा जीव भांड्यात पडला. यांना जिनिंगमधून बोलावणं धाडलं, पाव शेर पेढे आणले. गावाला तगादा लागला होता, जो तो कपाळाला हात लावून बसला होता, आणि आमच्या घरी पेढे! लोकांनी तेही बोलून दाखवलं. बडेबाबू मात्र हळूच येऊन एक पेढा खाऊन गेले. म्हणाले, दोन महिने मला नीट झोप नव्हती.

पाणीपट्टी पुन्हा सुरू झाली. लोक आठ दिवस कुरकुरले आणि भरायला लागले. पुढं ते कर्ज वर्षानुवर्षं फिटत राहिलं. मामाजी होते तोवर त्यांनी आमच्या घराची पट्टी एकदाही तारीख चुकवून भरली नाही. ते गेल्यावर आम्ही भरली, आणि मग माझी पोरगी नोकरीला लागल्यावर कधीकधी तिनं. ‘एवढी कसली पट्टी?’ म्हणून तिचीही कुरकुर असायची. पण प्यायची तीही, भरायची तीही.

पहिला हप्ता गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. परसात न्हाणीजवळ नळ बसला. तोटी सोडली तसा आधी फसफसून गंजाचं लाल पाणी आलं, मग गढूळ, मग एकदम स्वच्छ धार. मी तिच्याखाली हात धरून उभीच राहिले. काकू कुंपणावरून बघत होत्या, त्यांनाही डोळे पुसून घ्यावे लागले. मी तोच पोचा पडलेला गुंड लावला. भरला. उचलायला वाकले तर मामाजी म्हणाले, ‘थांबजो. पयला गुंड मी नेतो. देवाच्या पूजेचा.’

‘मामाजी, राहू द्या,’ मी म्हटलं. त्यांनी उभ्या जन्मात पाण्याचा गुंड उचललेला नव्हता. पाणी भरणं बायकांचं, हे त्यांच्याही घरात तसंच होतं. पण ऐकतात कुठले! दोन्ही हातांनी काठ धरून उचलला, पोटाशी घेतला आणि निघाले. परसातून स्वयंपाकघर फार तर दहा पावलं. चौथ्या पावलाला वाकले. धोतर भिजलं. उंबरठ्यावर गुंड टेकवावा लागला त्यांना. धाप लागली होती. कसाबसा आत नेऊन ठेवला आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

धाप बसल्यावर म्हणाले, ‘इहिरीवर किती खेपा होत्या तुह्या?’

‘सकाळी आठ, संध्याकाळी चार.’

मला वाटलं, आता गुणाकार करतील. केला नाही. आमच्यात सासरा सुनेकडे मान वर करून बघायचा नाही, पोटुशीकडे तर नाहीच. त्या दिवशी मामाजींनी बघितलं. बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

‘ज्याच्या मानेवर ओझं नको म्हून मी हे सारं करून राह्यलो होतो,’ ते म्हणाले, ‘तो तं इथंच होता. तुह्या पोटात. चार महिने त्यालेच मी पानी भराले लावलं.’

मी उंबरठ्यावर सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

‘मले दिसाले पाह्यजे होतं,’ मामाजी म्हणाले.

‘हो,’ मी म्हटलं, ‘दिसायला पाहिजे होतं.’

बोलले आणि चार महिन्यांचा राग गेला. खरंच गेला, पुन्हा कधी आला नाही. मामाजींनी मान हलवली. भिंतीला हात लावून उठले, कोपऱ्यातला दुसरा गुंड घेतला आणि परसात नळाकडे गेले.